सहावी खुर्ची

छत्रपती संभाजीनगर, ५ मार्च २०२६

ती. स्व. द्वारकाआत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

फोन पेटीत कुलूपबंद केलाय, म्हणून पत्र. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला दहाच दिवस उरलेत. गणित जमतं, पण कोण कुणाशेजारी बसलंय ही कोडी आली की माझी गाडी अडते. सरावात वीसपैकी सहा! नंबर लागला तर शिक, नाहीतर स्थळं बघू, असं बाबांनी बजावलंय. परीक्षेपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही, असा शब्दही दिलाय. लग्नाच्या पंगतीत तू रुसलेली भावकी कशी बसवतेस गं?

लोभ आहेच, त्यातला थोडा माझ्या अभ्यासाकडे वळव.
तुझी अपेक्षा

सिल्लोड, ८ मार्च

चि. अपेक्षास, अनेक आशीर्वाद.

सगळ्यात रुसका माणूस आधी बसवायचा, बाकीचे आपोआप बसतात. मी सातवी पास, मला एवढंच येतं. आता माझं कोडं सोडव.

आपल्या बैठकीत सहा खुर्च्या, समोरासमोर तीन-तीन. इकडं एका टोकाला तुझे वडील, दुसऱ्या टोकाला मी. राजकुमारराव तुझ्या वडिलांसमोर, त्यांच्या पारूबाई माझ्यासमोर, मधे त्यांचा मुलगा विश्वजीत. पोहे जी आणणार तिनं विश्वजीतला अजून पाहिलेलं नाही. रविवार, पंधरा तारीख, सकाळी अकरा. सहाव्या खुर्चीवर कोण? एक अट ध्यानात ठेव: शनिवारी कुणी काहीही सांगो, मी ठणठणीत आहे.

तोंड उघडायचं नाही अशी शपथ तुझ्या वडिलांनी, सर्जेरावानं, मला घातलीय, म्हणून जास्त लिहीत नाही.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.
द्वारकाआत्या

छत्रपती संभाजीनगर, १२ मार्च

ती. स्व. आत्यास, सा. न.

साडेतीन मिनिटांत सुटलं. आधी आनंद झाला, मग रडू आलं. ती खुर्ची माझी आहे, आणि त्याच वेळी माझा पेपर आहे. बाबांनी शब्द दिला होता गं! मी येणार नाही. शनिवारी तुला काहीही होवो, तू बरी हो.

तुझीच,
अपेक्षा

सिल्लोड, १६ मार्च

चि. अपेक्षास, आशीर्वाद.

नाही आलीस ते बरं केलंस. शनिवारी सर्जेरावानं तुझ्या वसतिगृहाच्या बाईंना फोनवर माझा हार्ट अटॅक कळवला, तेव्हा मी शेजारीच चहा पीत होते. परीक्षा दरवर्षी येते, चांगलं स्थळ येत नाही, असं त्याचं म्हणणं. आता तो माझ्याशी बोलत नाही. मी तर शपथ पाळली, तोंड उघडलंच नाही.

पोहे मीच नेले. सहाव्या खुर्चीवर ताट ठेवलं. वेळ जाईना म्हणून विश्वजीतला तुझ्या जुन्या वहीतलं एक कोडं घातलं. त्यानं दोन मिनिटांत सोडवलं आणि घड्याळाकडं बघत बसला. जाताना हळूच म्हणाला, की अकराला त्याचाही पेपर होता. तुझाच. परीक्षा दरवर्षी येते, असं त्याच्या वडिलांनीही त्याला सांगितलंय म्हणे.

लई वाईट वाटलं गं मला. बिचाऱ्याला आत्या नाही.

पेपर कसा गेला ते कळव.
तुझी ठणठणीत आत्या