नाव नसलेला फोटो

ती. आबा,
पायांवर डोकं ठेवते.

जर्मनीत मी बरी हाय. थंडी लई, पण आईनं दिलेली घोंगडी पुरते. मेंढरं घाटाकडं नेली का?

इथल्या संग्रहालयात मी जुने फोटो नोंदवते. परवा आपल्या खुलताबादकडच्या एका धनगराचा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो हाती आला. उघडं अंग, डोक्याशी मोजपट्टी. खाली जात आणि नाकाचं माप लिहिलेलं, नाव नाय. असले फोटो दाखवून तवा इथल्या शाळेत पोरांना शिकवायचे, की ही खालच्या वंशाची माणसं.

आबा, त्याचा चेहरा हुबेहूब तुमचा. माझं नाकबी तुमच्यावरच गेलंय, तेव्हापासून मला आरशात बघवत नाय.

संग्रहालयातल्या माझ्या वरच्या मॅडम म्हणाल्या, "नोंदीत नावाची जागा कोरी सोड."

मी सोडली नाय. तिथं लिहिलं, 'नाव कुणी विचारलं नाही.'

आईला हे वाचून दाखवू नका.

तुमची,
दिपाली