‘ओली खोली’ ऐकणाऱ्यांचं म्हणणं

विद्यानगर, हुबळी
रविवार, दुपार

प्रिय किरण,

हे पत्र कागदावर लिहितेय याचं कारण साधं आहे. फोनवर लिहिलं असतं तर पहिल्या चार ओळी वाचून तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झाला असतास. कागदाला तसं करता येत नाही. पूर्ण वाच. मधे उठून चहा करायला जाऊ नकोस.

आपला ‘ओली खोली’ अल्बम बाहेर पडून पाच महिने झाले. आपल्या सात गाण्यांखाली लोकांनी जे जे लिहिलं, ते सगळं मी वाचलंय. वाचू नकोस, डोकं खराब होईल, असं तू म्हणाला होतास. झालं खराब. सांगलीच्या एका गृहस्थांनी लिहिलंय की गाणी बरी आहेत, पण सगळी एकाच गाण्यासारखी आहेत, तिसरं संपेपर्यंत त्यांचा पंखा दुरुस्त करून झाला. कुणी विचारलंय, बाईंना सर्दी झाली होती का. धारवाडचे एक आजोबा असावेत, त्यांचं म्हणणं, एवढ्या गाण्याच्या गावाशेजारी राहून तुम्हाला हेच सुचलं? पोलंडच्या एका मुलीला भाषा कळली नाही, पण तिच्या आजीच्या तळघराचा वास आला म्हणे. त्यातल्या त्यात ते एकच मत मी दोनदा वाचलं. आणि चौथ्या गाण्यातली ‘दूरवरची किंकाळी’ ऐकून अंगावर काटा आला असं निदान वीस जणांनी लिहिलंय. किरण, ती वरच्या भारतीअक्कांच्या कुकरची शिट्टी होती. आपण तो तुकडा पुन्हा करायचा म्हणत होतो आणि मग अप्पांच्या औषधाची वेळ झाली. आपल्या अल्बममधली सगळ्यात गाजलेली जागा कुकरनं गायली आहे.

हसून सोडून देता आलं असतं. सुरुवातीला हसलेही. पण जवळजवळ सगळे लोक माझ्या आवाजाबद्दलच बोलतात. थंड आवाज. मेलेला आवाज. ‘हिला रडताच येत नाही.’ ज्यांना आवडलं तेही तेच म्हणतात, फक्त कौतुकानं. काय तो संयम, काय ती अलिप्तता, थडग्यातून आल्यासारखं. गॉथिक डार्कवेव्हमध्ये, म्हणजे आपल्या या काळोख्या संगीतप्रकारात, असंच गायचं असतं, असं एकानं दुसऱ्याला समजावूनही सांगितलंय. मला हे वाचताना हात चोळत बसावं लागतं. कारण तो आवाज असा का लागला हे तुला माहीत आहे, आपल्या बँडमधल्या महादेवला माहीत आहे, आणि बाकी कुणालाही नाही.

अप्पांना झटका आला त्याला आता दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आई लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या लेस-बटणांच्या दुकानात दुपारी बसायला लागली आणि मी सकाळी. जेवण झालं की अप्पा डोळे मिटायचे, आणि त्या दोन तासांत तू आणि महादेव चपला हातात घेऊन मागच्या दारानं यायचात. मागची ती भिंतीला ओल आलेली खोली. गाद्या उभ्या करून लावलेल्या, सिंथचा कीबोर्ड इस्त्रीच्या टेबलावर, ड्रम मशीनचा आवाज फक्त कानात. पहिल्या दिवशी दुकानात निघता निघता तुम्हा दोघांना काळ्या कुडत्यांत बघून आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘कुणाचं काय झालंय का गं त्यांच्यात?’ बँडचं नाव ‘कत्तलु’ म्हटल्यावर ती आणखी घाबरली. कन्नडमध्ये काळोख, हे तिला काय माहीत नाही? पण तिच्या कानाला ते कत्तलच ऐकू आलं. आणि मी माइकला ओठ टेकवून गायचे. अप्पा उठू नयेत म्हणून. भिंतीपलीकडे झोपलेल्या आजारी माणसाची झोप मोडू नये म्हणून जेवढा आवाज काढता येतो, तेवढाच आवाज त्या सात गाण्यांत आहे. त्याला लोक अलिप्तता म्हणतात.

नाव घालू नकोस असं मीच सांगितलं होतं, हे मान्य. बाप अंथरुणाला खिळलाय आणि पोरगी काजळ फासून गाणी म्हणतेय, असं दुकानात कुणी आईला ऐकवू नये एवढंच माझ्या मनात होतं. तू ‘आवाज : उ.’ एवढं लिहिलंस. मला ते आवडलं होतं तेव्हा. मग त्या बेंगळुरूच्या समीक्षकानं लिहिलं की या ‘उ.’ नावाची बाई अस्तित्वातच नसावी, श्वास घेतल्याचा आवाज कुठेही येत नाही, हा आवाज एआयनं बनवलेला आहे. (श्वास तूच कापलेस, किरण. एकेक करून. सफाई म्हणून.) त्यानंतर खाली जी जत्रा भरली ती तू पाहिलीस. अर्धे लोक फसवणूक म्हणाले, अर्धे म्हणाले असेना का, छान आहे. मी तुला फोन केला, म्हटलं, बँडच्या नावानं एक ओळ लिही, बाई जिवंत आहे म्हणून. तू काय म्हणालास आठवतं? ‘अगं सुम्ने इरू, भांडू देत. ऐकणारे तिप्पट झालेत.’

मी गप्प बसले नाही. माझ्या खऱ्या नावानं लिहिलं, ही गाणी मी गायली आहेत, मी हुबळीला राहते. पहिलं उत्तर आलं : ‘एआयला आता पत्ताही आला.’ दुसरं आलं : ‘पुरावा दे, गाऊन दाखव.’ मी दुकानात होते. समोर एक बाई परकराच्या रंगाला लेस जुळवत उभी होती. कसं गाऊन दाखवू? अठ्ठावीस वर्षांची मी, आधारकार्ड आहे, मतदान करते, आणि मी आहे हे मला अनोळखी लोकांना पटवून द्यावं लागत होतं. तू ते वाचलं होतंस. तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका मला दिसत होता. तू काही लिहिलं नाहीस.

आता ‘जळमटं’बद्दल. या गाण्याची बातमी मला दुकानातल्या रेश्मानं दिली. ‘उत्तरा, नवं गाणं काढलंस आणि बोलली नाहीस? एकदम भारी, या वेळी जीव ओतलायस बघ.’ मी म्हटलं कुठलं गाणं. तिनं फोन लावला. लेसच्या गुंडाळ्यांच्या मधोमध उभी राहून मी माझा आवाज ऐकला, जो मी कधी काढला नव्हता. शब्द तुझे होते. सूर माझा होता. वरच्या पट्टीला असा चढत होता, असा थरथरत होता की मला माझाच मत्सर वाटला. फक्त एक गोष्ट. ‘जलमटं, सगलीकडे जलमटं.’ तुझ्या यंत्राला ळ येत नाही, किरण. आणि खाली लोक काय म्हणतात? एकजण विचारतो, जलमटं म्हणजे काय. दुसरा उत्तर देतो, जुनी मराठी असावी. आणि शंभराहून जास्त लोक म्हणतात, गायिका सुधारली. अखेर हिला भावना सापडल्या. मी खरी गायले तेव्हा मला यंत्र म्हणाले, आणि यंत्र गायलं तेव्हा म्हणतात, आत्ता कुठे माणूस वाटते.

मी तुला लगेच फोन केला. तू चिडला असतास, खोटं बोलला असतास, तर मला सोपं गेलं असतं. तू अगदी मायेनं बोललास. ‘तुला आता कुठं वेळ असतो? अप्पांचं करायचं, दुकान बघायचं. म्हटलं तुला आणखी त्रास कशाला.’ तुला हे मनापासून वाटतं हे मला माहीत आहे. ज्या दिवशी अप्पा पडले, त्या दिवशी तू अळणावरहून मिळेल त्या गाडीनं आलास आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एक्स-रेपर्यंत त्यांना पाठीवर घेऊन चढलास, कारण लिफ्ट बंद होती. महिनाभर तुझी पाठ धरली होती. म्हणून तर तुझ्यावर धड रागावताही येत नाही मला. गेला आठवडाभर मी राग काढतेय तो भांड्यांवर. आईनं काल कढई माझ्या हातातून काढून घेतली.

ते गाणं मी अप्पांना ऐकवलं. का, ते सांगता येत नाही. बहुतेक कुणीतरी माझ्या बाजूनं असावं म्हणून. त्यांना अल्बमबद्दल काहीच माहीत नव्हतं, निदान मी तसं धरून चालले होते. खुर्चीत बसून चेंडू दाबायचा व्यायाम चालला होता त्यांचा. गाणं संपेपर्यंत चेंडू हातातच राहिला. मग डावा हात हलवून म्हणाले, ‘तू न्हवं.’ अलीकडे त्यांना दोन-दोन, तीन-तीन शब्द येतात, पण एकेक ओढून काढावा लागतो. मी म्हटलं, ‘कशावरून अप्पा?’ त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मला कळेना. पुन्हा भिंत दाखवली, मग स्वतःचा कान. मग डोळे मिटून, उघडून, मान नाही-नाही अशी हलवली. कळलं तुला? ते झोपत नव्हते. एकही दुपार झोपले नाहीत. तुम्ही चपला हातात घेऊन यायचात आणि ते डोळे मिटून पडून राहायचे, आपल्याला गाता यावं म्हणून. सातही गाणी त्यांनी आपल्या सगळ्या चुकांसकट ऐकली होती. त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं. मी थांबले. तोंडाला घाम आला त्यांच्या. शेवटी म्हणाले, ‘ह… हळू का?’

एवढ्या सगळ्या लोकांनी मतं दिली, किरण, पण मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मधलं दार सताड उघडलं आणि पहिलं गाणं पूर्ण आवाजात म्हटलं. वाईट झालं. खरंच वाईट. वरच्या सुराला आवाज फाटला, मधे खोकला आला, भारतीअक्का जिन्यात येऊन ‘एनायतव्वा?’, काय झालं गं, म्हणून विचारून गेल्या. अप्पांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली, पुन्हा म्हण म्हणून. तिसऱ्या दिवशी थोडं बरं झालं. गुरुवारी महादेव कॉलेजमधून परस्पर आला, समोरच्या दारानं, आणि बेस गिटार घेऊन बसला. माझा पूर्ण आवाज कसा आहे हे मला अजून माहीत नाही. मी तो या आठवड्यात पहिल्यांदा ऐकतेय. आणि त्याच्याआधीच तू माझा दबका आवाज घेऊन यंत्राला शिकवलास, आणि त्यानं पुढचं सगळं स्वतःच्या मनानं ठरवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अल्बमनंतर तू बेंगळुरूला राहायला गेलास, तिथून कुरिअरनं पाठवलेला तुझा कागद मंगळवारी मिळाला. पुढच्या अल्बमच्या नऊच्या नऊ गाण्यांना माझा आवाज असा बनवून वापरायला माझी हरकत नाही, खाली सही. सोबत तुझी चिठ्ठी : ‘तुला यावंही लागणार नाही.’ खरं सांगते, मी पेन उघडलं होतं. ‘उत्त’पर्यंत लिहिलंही, कागदावर दिसेल तुला. कारण ते माझ्यापेक्षा चांगलं गातं. लोकांना ते आवडतं, तुला ते सोयीचं आहे, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे एकदा सही करून मान्य केलं की रोज ती मतं वाचायची कटकट तरी संपेल असं वाटलं. मग तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. कागद तसाच, अर्ध्या सहीचा, या पत्रासोबत परत पाठवतेय. ती सही मी पुरी करणार नाही. ‘जळमटं’ काढून टाक. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. लोक कुठे गेलं म्हणून विचारतील, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते तू ठरव, या वेळी मात्र काहीतरी लिही. आणि एक गोष्ट ऐक. हुबळीहून बेंगळुरूला दिवसाला किती गाड्या सुटतात हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. आई दुकान बघते, महादेव अप्पांजवळ दोन दिवस बसला असता, त्यानं तसं मला सांगितलंही. त्रास होईल का, वेळ मिळेल का, हे सगळं तू तुझ्याशीच बोललास आणि तुझं तूच उत्तर दिलंस. मला फक्त ये म्हणायचं होतंस, किरण. मी आले असते.

रागावलेली, तरीही तुझीच,
उत्तरा