हळदीची शेपटी आणि माझा माईक

९ नोव्हेंबर १९९८
माईक गेला. बावीस वर्षं बैलगाड्यांच्या शर्यती मी माईकवरून गाजवल्या, सत्कार गाजवले, परक्यांच्या लग्नात घसा फोडला. आणि आज तात्या, म्हणजे सांगलीच्या हळद व्यापारी संघाचे अध्यक्ष, तोंडावर म्हणतात, "लालासाहेब, औंदा इंटरनेटची परिषद हाय. सूत्रसंचालन अश्लेषा करंल. कराडच्या कॉलेजात शिकवती, इंग्रजी फाडफाड येतंय. तुमी आभार माना."

आभार! आभाराला हॉलमध्ये उरतं कोण? आचारी आणि खुर्च्यावाला.

विजयमालेला सांगितलं. सख्खी बायको, पण म्हणते, "बरं झालं, घशाला आराम पडेल." जेवलो नाही. मग जेवलो.

११ नोव्हेंबर
कराडला जाऊन आलो. शत्रूची ताकद बघून घ्यावी म्हणून. शत्रूनं चहा दिला, वर खारी.

पोरगी हुशार आहे. म्हणाली, इंटरनेटवर नाव घेणं म्हणजे बाजारात गाळा घेणं — आधी येईल त्याचा. नावामागं शेपटी लागते, डॉट कॉम. आता डॉट शॉप, डॉट फर्म अशा सात नव्या शेपट्या आणायच्या म्हणतात, पण त्या वाटायच्या कुणी, यावर देशोदेशी परिषदा भरतात आणि भांडण काही मिटत नाही. एवढं मला लगेच कळलं. आपल्याकडं सोसायटीची निवडणूक अशीच असते.

निघताना हळूच म्हणाली, "काका, मला माईकची फार भीती वाटते."

वाईट वाटायला हवं होतं. खरं लिहितो — बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
ज्येष्ठमध चघळतोय. आभार अडीच पानं झालेत.

२२ नोव्हेंबर
लिहितो सगळं, नाहीतर झोप यायची नाही.

आज परिषद झाली. सकाळी ठराव — हळदीला स्वतःची शेपटी मिळावी, डॉट हळद. लगेच गूळवाले उठले. आधी डॉट गूळ! जेवणापर्यंत तेच. शेवटी दोन्ही ठराव अमेरिकेला पाठवायचे ठरले. टपालानं.

दुपारी प्रात्यक्षिक. 'सांगली हळद डॉट कॉम' हे नाव सगळ्यांच्या देखत घ्यायचं. उशीर झाला तर तिकडं तमिळनाडूतले हळदीचे व्यापारी, इरोडवाले, ते घेतील आणि त्यांची हळद सांगलीची म्हणून विकतील, ही तात्यांची धास्ती. इंटरनेटसाठी संघाच्या हापिसातल्या लाइनवरून पुण्याला फोन लावायचा. यंत्र किंचाळलं, गप्प झालं. पडदा पांढराफटक. अश्लेषा माईकवर म्हणाली, "प्लीज वेट." दहा मिनिटांनी परत म्हणाली. पाचशे माणूस! पुढची रांग तंबाखू मळायला बाहेर निघाली. पोरीनं माईक टेबलावर ठेवून दिला.

मला बघवेना. उठलो, माईक घेतला.

"मंडळी, बसून घ्या! पुण्यातनं गाडी सुटलेली आहे! कात्रज चढली — शिरवळ मागं टाकलं — खंबाटकीला जरा दम खातीय, पण बैल खिल्लार आहे!" माणसं परत आली. सातारा म्हणालो, टाळ्या. कराड म्हणालो तर कराडवाले खुर्चीवर चढले. तेवढ्यात पडद्यावर चित्र वरून खाली, रेघ रेघ उतरायला लागलं. "पेठ नाक्याला वळली! धुरळा दिसतोय!" अश्लेषानं कसलंसं बटण दाबलं, मान डोलावली. "घेतलं! नाव सांगलीचं!"

गुलाल कुणी आणला होता देव जाणे. आभार राहूनच गेले.

२४ नोव्हेंबर
शाल मिळाली. मार्केट यार्डात मला 'इंटरनेट' म्हणतात. तात्या म्हणाले, इथून पुढं संघाचा माईक तुमचाच. विजयमालेनं शिरा केला.

२८ नोव्हेंबर
अश्लेषा घरी आली. रडत होती. पुण्याची लाइन लागलीच नव्हती! पडद्यावरचं चित्र तिनं, अडचण आली तर असावं म्हणून, आधीच फ्लॉपीत भरून आणलेलं होतं. माझी गाडी कराडात बघून तिनं घाबरून तेच लावलं. नाव घेतलेलंच नाही.

म्हणजे मी रिकाम्या रस्त्यावर शर्यत पळवली. तात्यांना सांगितलं तर माईक जाणार, नाही सांगितलं तर नाव जाणार.

३० नोव्हेंबर
गुपचूप कराडला जाऊन तिच्या कॉलेजातून नाव घेतलं. मोकळंच होतं. इरोडवाल्यांना तर खबरच नाही. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. तरी शाल अंगावर घेववत नाही.

२ डिसेंबर
तात्यांना सगळं सांगून टाकलं. माईक गेला तर गेला. ते डोळे पुसेपर्यंत हसले. "आवं, हापिसातली पोरं सासुरवाडीला फोन लावत्यात म्हणून भायेरगावची लाइन, एसटीडी, मीच बंद करून ठिवतो. त्या दिवशी चालू करायचं इसरलो. ध्यानात आलं तवा तुमी साताऱ्यात पोचला हुता. म्हनलं, एवढी चांगली गाडी मधीच कशाला थांबवा?"