केशरी फुलाचं पांढरं पान

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण परवा शेजारचे आप्पा तुमचा हातमाग न्यायला म्हणून आले, आणि जकार्डच्या, नक्षीची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा बघताना त्यांना ती एक सापडली. सुतळीनं बांधलेली, वर पेन्सिलीनं तुमच्या अक्षरात ‘कणकुंबी’.

“ह्ये ते कानाचं फूल न्हवं?” आप्पा हसले. “ह्ये नको मला. बंबात घाला.”

आई आत निघून गेली. मी त्यांना अडवलं नाही. बोलले ते आज. आणि जे तुम्हाला सांगायचं होतं ते आप्पांना आधी कळलं, म्हणून हे पत्र.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. त्या फुलासाठी तुम्ही महिनाभर पुठ्ठ्यांना भोकं पाडत बसला होता. मागावरच्या साडीत नक्षीची पहिली बुट्टी उतरली: पाच पाकळ्यांचं केशरी फूल, आणि एका बाजूला फुलाहून मोठं पांढरं पान, फुलाच्याच बुडातून निघालेलं. आप्पा दारात उभे होते. तुम्ही मला विचारलंत, “कसं हाय गं?”

त्याच आठवड्यात मी फुलाची रचना शिकले होते. बाहेर हिरवा निदलपुंज, मग पाकळ्या, मग पुंकेसर, मधोमध स्त्रीकेसर. ज्याची त्याची जागा ठरलेली. मी म्हणाले, “असं फूल नसतं, अण्णा. पाकळी ती पाकळी, पान ते पान. याला तर कान फुटलाय!”

आप्पा किती हसले!

“मी बघितलोय गं,” तुम्ही म्हणालात. “कणकुंबीला, मामाच्या घरामागं. लहान हुतो. चल, दावतो.”

मी म्हणाले, परीक्षा आहे.

“मग तसंच असंल. तू शिकलीयास.”

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या धाग्याचा धोटा बाजूला पडला होता. माळ उतरवून तुम्ही जुनी चढवलीत, आपल्या शहापुरात घरोघरी असते तशी बुट्टी. एकदा तरी माझ्याशी भांडायचं होतं, अण्णा! शाळा सुटली होती तुमची, डोळे तर शाबूत होते ना?

याहून वाईट पुढेच आहे. तिसऱ्या वर्षी आमची सहल कणकुंबीला गेली. रस्त्याच्या कडेला झुडूप होतं, भूतकेसाचं. केशरी फुलं, आणि मधूनच एकेका फुलाला एक मोठं पांढरं पान. सरांनी सांगितलं, ते खरं पान नाही, पाकळीही नाही. पाच निदलांपैकी एकच वाढतं आणि पांढरं होतं. फूल लहान असतं, फुलपाखरांना लांबून दिसावं म्हणून. मी ते वहीत नीट उतरवून घेतलं. आकृती काढली. नावं दिली.

घरी आले तेव्हा तुम्ही मागावर होता. “काय काय बघून आलीस?”

मी म्हणाले, “झाडं.”

का? वेळ नव्हता असं नाही. विसरले असंही नाही. गल्लीत तुम्ही ज्याला त्याला सांगत होता, आमची पोरगी म्हणत्या म्हंजे बरोबरच असणार. ते मला हवं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडलं नाही. पुढची चार वर्षं आपण रोज एका ताटलीतल्या भाकरी खाल्ल्या. मी आता कॉलेजात हेच शिकवते. भूतकेस दोनदा शिकवून झाला. तुम्हाला मात्र नाही.

आज सकाळच्या बसनं कणकुंबीला गेले. तुमच्या मामांचं घर आता नाही, मागची झुडपं आहेत. एक डहाळी आणली आणि आप्पांच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटीसुलटी केली. पांढरं पान बोटानं ओढून पाहिलं, चिकटवलेलं आहे का म्हणून.

“म्हंजे तुझा बा खरं सांगत हुता?”

“हो.”

“तुला कवा कळलं?”

मी सांगितलं.

आप्पा डहाळी घेऊन खाली बसले. मग म्हणाले, “मी त्याला मरंस्तवर चिडवलो गं. आधी आधी भांडायचा माझ्यासंगं. शेवटी शेवटी म्हणायचा, लहानपणी बघितलो, सपानच पडलं असंल.”

अण्णा, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, मी फक्त एक नक्षी चुकीची ठरवली.

डहाळी आप्पांनी परत दिली नाही. माळ मागून घेतली. तीन पुठ्ठे उंदरांनी कुरतडले आहेत. त्यांची भोकं मी तुमच्या बाकीच्या पुठ्ठ्यांवरून मोजून पाडीन, माझ्या आकृतीवरून नाही. आप्पा तुमच्या मागावर पहिली साडी हीच चढवतील, पांढऱ्या धोट्यासकट, आणि ती आई नेसेल. गल्लीत कुणी कानाचं विचारलं तर आईला बोलावं लागणार नाही. मी सांगीन: असं फूल असतं. अण्णांनी पाहिलं होतं. मला कळल्यावरही मी सांगितलं नाही. तिन्ही वाक्यं, तिसरं न गाळता.

तुमची,
शैला