मूठ बंद होती

जीपखालचा तिसरा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंग, उतरवला. चौथ्याचा बोल्ट गंजला आहे, हलत नाही, आणि मला दम पुरत नाही. म्हणून गॅरेजातच बसून हे लिहीत आहे.

मी, वर्डेल ऑलरेड, वय बहात्तर, राहणार मोआब, युटा. फुप्फुसे निकामी, डोके शाबूत. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, धाकाने नव्हे, स्वतःच्या अक्षरात ही माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. याआधीची रद्द समजावी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी कोरीन हिला. तिच्या आईने लावलेली पीचची झाडे तोडू नयेत. तोडली तर मला कळणार नाही, तरी तोडू नयेत.

२. वेल्डिंगचे यंत्र आणि दोन्ही जॅक शेजारी ड्वेन बीस्ली याला. माझा मोठा पाना तेरा वर्षे त्याच्याकडेच आहे. तोही त्याचाच समजावा.

३. जीप माझा धाकटा भाऊ लाइल याला. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ती घेतली तेव्हा लाइल सोबत होता. विक्रेत्याच्या आवारात दोन गाड्या होत्या : एक लांब, बुटकी पिकअप आणि ही आखूड जीप. तो म्हणाला, "लांब घे. खडकावर पोट घासेल, पण उलटणार नाही."

"पोट घासत जाणं तुला शोभतं," मी म्हणालो. आखूड घेतली. मोठी चाके बसावीत म्हणून गाडी पाच इंच उचलणारे कमानपाटे घातले.

"शिडीवर शिडी लावतोयस तू," तो म्हणाला. मी हसलो.

लाइलचे खरे काम खडकावर गाड्या चढवताना पुढे उभे राहून खुणा करण्याचे. चढताना चालकाला बॉनेटपुढचे काही दिसत नाही. समोरच्याचे हात पाहायचे, बाकी कोणाचे ऐकायचे नाही. बोटे हलली की ये. मूठ बंद झाली की थांब. लाइलच्या हातांच्या भरवशावर लोक लांबून गाड्या आणत.

१९९५ साली, ईस्टरच्या आदल्या दिवशी, मी कुऱ्हाडपायरी नावाच्या खडकाच्या चढावर अर्ध्यात होतो. वरून लोक ओरडत होते, "दाब, वर्डेल, दाब." मी ॲक्सिलरेटर दाबला. जीप कलंडली आणि घसरत लाइलवर गेली. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

शेरिफच्या माणसाला मी सांगितले, "त्याने ये म्हणून खूण केली." बाकीचे सगळे चाकांकडे बघत होते. त्याच्या हाताकडे पाहणारा मी एकटाच होतो.

इस्पितळात लाइलने एकदाच विचारले, "तुला खरंच तसं दिसलं?"

"हो," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विषय काढला नाही. त्याला पुन्हा कोणी पुढे उभे राहायला बोलावले नाही. एकोणीस वर्षे आम्ही चर्चमध्ये एकमेकांना मान डोलावतो.

मूठ बंद होती. मी ती पाहिली होती.

हे कलम येत्या शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, कुऱ्हाडपायरीवर पहिली गाडी चढण्याआधी, जमलेल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. मी असलो तर मी वाचेन. दम पुरला नाही तर ड्वेनची बायको फॉन बीस्ली हिने वाचावे.

४. जीप लाइलला मूळच्या उंचीवर द्यायची आहे. त्याने नको म्हटले तर भंगारात घालावी. दुसऱ्या कोणाला देऊ नये.

साक्षीला आलेल्या फॉनने हे वाचून विचारले, "त्याच्या तोंडावर का नाही सांगत? चार घरं सोडून तर राहतो."

"सही कर."

"करते. पण त्याला आत्ता फोन लावते."

"उद्या लाव. चौथा राहिलाय."

हेही लिहून ठेवतो, म्हणजे उशीर कोणाचा ते कळावे.

सही : वर्डेल ऑलरेड
साक्षीदार : फॉन बीस्ली, ड्वेन बीस्ली
मोआब, शनिवार, १२ एप्रिल २०१४

रविवारी सकाळी सात वाजता वर्डेल गॅरेजात खुर्चीवर मरण पावलेले आढळले. छोटा पाना मांडीवर होता. मी लाइलला फोन केला. त्याने येऊन उभ्यानेच कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि तो जीपखाली शिरला. डाव्या हाताने चौथ्या पाट्याचा बोल्ट सोडवायला त्याला दहा वाजले. — फॉन बीस्ली