मालक जेवून गेले

काराकोल, ३ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप मामांस,
तालायचा सलाम वि. वि.

बुटांच्या कारखान्यात पाच महिने पगार नाही. मालक खांद्यावर हात ठेवून पुढच्या महिन्याचं सांगतात. बूट मात्र रोज गाडी भरून जातात. मालकांनी मला शिकायला अल्माटीला पाठवलं त्याबद्दल चार वर्षांचा करार आहे, त्यातलं एकच सरलं. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या बाईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, पगार देत नाही म्हणजे करार त्यानेच मोडला, तू खुशाल जा. राजीनामा लिहिला आहे, फक्त तारीख घातलेली नाही. पण जामीन आपण आहात. आपण होकार कळवलात की निघतो. आईला व बहिणींना सांगू नये.

आपला आज्ञाधारक,
तालाय


आत-बाशी, १६ नोव्हेंबर

चि. तालाय यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र इतकं नीटनेटकं की मला वाटलं सरकारी नोटीस आली. अर्जवाल्या बाईला आपल्याकडचं काय ठाऊक? मी नुसती सही नाही केली बाबा, गावादेखत हात पसरून दुआ दिली, म्हणजे शब्दच दिला. ती मागे घेतली तर उद्या मला सलाम कोण करील?

तरी गप्प बसलो नाही. मालकाला घरी बोलावलं, उरलेली मेंढी कापली, मुंडकं त्याच्यापुढे ठेवलं. आपल्या घरी एवढा मान घेतल्यावर आपल्याच पोराचा पगार कसा बुडवील? जेवताना विषय काढला नाही, पाहुण्याचा घास कडू कशाला करा. हात धुतल्यावर तोच म्हणाला, माणसं कमी म्हणून पैसे अडकलेत. घरातली एक मुलगी द्या, दोघांचा पगार एकदम सुरू करतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात पसरून दुआ दिली.

तुझ्या बहिणीला, तोल्गोनायला पाठवतोय, पत्र तिच्याकडेच देतो. तिचाही करार चार वर्षांचा. तू तिथे आहेस म्हणून तुझी आई रडली नाही.

तुझा मामा,
जेक्शेन


काराकोल, २१ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांस सलाम.

तोल्गोनाय सुखरूप पोचली. पत्र तिने जेवणाच्या सुट्टीत दिलं. तोवर मालकांनी तिची सही घेऊन तिला माझ्या शेजारच्या मशीनवर बसवलं होतं. राजीनामा शेगडीत घातला. तिला टाकून मी जाणार नाही, हे मालकांना आपल्याआधी कळलं. ती विचारते, पगार कोणत्या तारखेला होतो. मी दहा सांगितली.

आपण भल्यासाठीच केलंत, राग नाही. एकच विनंती. धाकटी बुरुल उन्हाळ्यात शाळा संपवेल. मालकांना पुन्हा जेवायला बोलावू नये. आपणहून आले, तर दार लावून घ्यावं आणि घरात कोणी नाही असं आतून सांगावं.

माया आहे तशीच असू द्यावी.

आपला,
तालाय