रोहू वर चढले

कान्हा,

सात वर्षांनी तुझं नाव कागदावर लिहितोय. जुईनगरच्या घरी सगळे बरे असतील.

परवा डोंगराचं पाणी आपल्या वाटणीच्या तळ्यात शिरलं. ते आधी तुझ्या अर्ध्यात भरतं आणि मधल्या बांधावरून माझ्याकडे पडतं. वर्षभर वाढवलेले माझे रोहू खाडीत पळतील म्हणून मी खालच्या तोंडाला दुहेरी जाळी लावली आणि तिथेच पहारा देत बसलो. एकही मासा तिकडे फिरकला नाही.

तेवढ्यात तुझी वहिनी ओरडली, "आवो, तुमी जाली खाली लावलीव, न मासली तं वर चालली!"

वळून बघतो तर काय! बांधावरून कोसळणाऱ्या पाण्यावर हातभर लांबीचे रोहू झेपावत होते. आपटायचे, मागे पडायचे, परत उसळायचे. वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या लोंढ्यात, मासा येणाऱ्या पाण्याच्या दिशेने चढतो, हे बाबांनी आपल्याला लहानपणी दाखवलं होतं. मीच विसरलो. फेकायचं जाळं, पाग, हातात होता, पण टाकवेना. हात आपोआप जोडले गेले.

आता माझं अर्धं तळं रिकामं आहे आणि तुझं रुपेरी झालंय. बांध मधोमध फुटलाय. तो वाटणीच्या रागात मीच घातला आणि तू घातलास असं गावभर सांगितलं. आता बुजवणार नाही.

हे पत्र टाकत नाही. एवढं तुझ्यासमोर उभं राहूनच बोलायला हवं. रविवारी येतो. हात हलवतच येईन; मासे तुझ्या तळ्यात आहेत, तू येऊन पकड.

तुझाच,
बाळारामदादा